मोटर फिरते, पाणी येत नाही: बुलढाण्यातले सौर पंप आणि लॅबमधलं बंद कपाट

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. खामगाव तालुक्यातलं आमचं गाव, आणि शेजारच्या काकांच्या शेतात नवाकोरा सौर पंप. सकाळी साडेआठलाच काका मला बांधावर घेऊन गेले. "तू इंजिनिअर हायेस ना बाबू, मंग सांग. मोटर तं फिरून राह्यली, पन पानी काऊन येऊन नाही राह्यलं?"

कंट्रोलरच्या छोट्या स्क्रीनवर २९ हा आकडा दिसत होता. मी काही न बोलता उभा राहिलो, खरं तर लगेच उत्तर सुचलंच नाही म्हणून. थोड्या वेळाने ३१ झाला, मग ३३. मग पाइपातून हवा फुसफुसली आणि पाणी आलं. तेव्हा आकडा होता ३४. काका खुश. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत होतो की हे मला चार वर्षं शिकवलेलं आहे, त्यावर मी परीक्षेत चांगले मार्क्स घेतलेत, आणि तरी समोर पंप आल्यावर मला दहा मिनिटं काही सांगता आलं नाही.

आधी काकांचं उत्तर देऊन टाकतो. तो आकडा म्हणजे मोटरला दिल्या जाणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी, हर्ट्झमध्ये. महावितरणच्या तारेतून येणारी वीज ५० हर्ट्झची असते, त्यामुळे साधा पंप चालू केला की सरळ पूर्ण वेगाने फिरतो. सौर पंपाला ती सोय नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हात पॅनलमधून थोडीच पॉवर निघते. तेवढ्या पॉवरवर मोटर पूर्ण वेगाने पळवायला गेलं तर पॅनलचा व्होल्टेज कोसळतो आणि सगळंच बंद पडतं. म्हणून कंट्रोलर सतत पॅनलचा व्होल्टेज आणि करंट मोजत राहतो आणि झेपेल तेवढ्याच वेगाने मोटर फिरवतो. ढग आला, वेग कमी. ढग गेला, वेग जास्त. पंपाची गंमत अशी की त्याला लागणारी पॉवर ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे वेग निम्मा केला तर पॉवर आठव्या हिश्श्यावर येते. पण पाणी वर ढकलायचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. विहिरीची खोली तर काही कमी होत नाही. त्यामुळे एका ठरावीक वेगाच्या खाली मोटर फिरते, पाणी ढवळलं जातं, पण वर येत नाही. काकांच्या विहिरीसाठी तो वेग ३४ हर्ट्झ.

मोजा, तुलना करा, दुरुस्त करा, पुन्हा मोजा. याला फीडबॅक कंट्रोल म्हणतात. आणि आज बोलायचंय ते हे आपल्याकडे शिकवलं कसं जातं यावर.

हा विषय आत्ताच का?

कारण महाराष्ट्रात सध्या हे कंट्रोलर ज्या वेगाने शेतात उभे राहतायत तसं आधी कधी झालं नव्हतं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण गटातला शेतकरी १० टक्के रक्कम भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा शेतकरी ५ टक्के, बाकीचा भार सरकारचा. जमिनीनुसार ३, ५ किंवा ७.५ एचपीचा पंप मिळतो. २०२५ च्या शेवटी महावितरणने एका महिन्यात ४५,९११ सौर पंप बसवल्याचा गिनीज विक्रम झाला, त्याच्या बातम्या तुम्ही रील्समध्ये पाहिल्या असतीलच. मी योजनेवर टीका करत नाहीये. रात्रीच्या लोडशेडिंगमध्ये टॉर्च घेऊन मोटर चालू करायला गेलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, दिवसा पाणी मिळणं म्हणजे काय असतं.

पण योजनेतली एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते: पाच वर्षांची दुरुस्तीची हमी. म्हणजे २०२५ मध्ये बसलेला पंप २०३० मध्ये हमीबाहेर जाणार. त्यानंतर कंट्रोलर बिघडला तर?

जुना पंप जळला की काय करायचं हे प्रत्येक गावाला माहीत आहे. मोटर वर काढायची, ट्रॅक्टरमध्ये टाकायची, तालुक्याला वाइंडिंगवाल्याकडे न्यायची. आपल्या १३ तालुक्यांत असा एकही बाजार नसेल जिथे वाइंडिंगवाला नाही. त्याच्याकडे डिग्री नसते, पण हात सफाईचा असतो. सौर पंपात मोटर तीच किंवा थोडी वेगळी, तिचं वाइंडिंग तो करेलही. पण कंट्रोलरच्या आत एक सर्किट बोर्ड आहे, त्यावर प्रोसेसर, आणि त्यात काही हजार ओळींचा प्रोग्राम. तिथे वाइंडिंगवाल्याचा हात पोचत नाही.

आता दुसरं गणित बघा. २०२५ मध्ये ज्याने इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तो २०२९ मध्ये बाहेर पडणार. पॉलिटेक्निकचा २०२८ मध्ये, आयटीआयचा त्याच्याही आधी. म्हणजे हे पंप हमीबाहेर जातील तेव्हा त्यांना हात लावू शकणारी जी पिढी हवी, ती आत्ता या घडीला वर्गात बसलेली आहे. शेगावचं श्री संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे, चिखली आणि मलकापूरला कॉलेजेस आहेत, खामगावला शासकीय तंत्रनिकेतन आहे. जागा कमी नाहीत, मुलंही कमी नाहीत.

राजूर घाटातला पीआयडी

ज्यांनी हा विषय घेतलेला नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो. ज्यांनी घेतलाय त्यांनीही वाचा, कारण मला हे कॉलेज संपल्यावर कळलं.

मोताळ्याकडून बुलढाण्याला येताना राजूर घाट लागतो. समजा तुमच्याकडे स्कूटर आहे आणि तुम्हाला ताशी ४० चा वेग कायम ठेवायचाय. सपाटीवर मुठीची एक जागा ठरवली आणि ती तशीच धरून ठेवली, तर घाट लागल्यावर स्कूटर मरगळणार. मूठ तीच, वेग वेगळा. हे झालं ओपन लूप.

आता नियम करा: वेग ४० पेक्षा जितका कमी, तितकी मूठ पिळायची. हा 'पी'. वाटतं की झालं काम, पण नीट विचार करा. वेग बरोबर ४० झाला की फरक शून्य, म्हणजे मूठही शून्य. चढावर मूठ शून्य करून कसं चालेल? म्हणून स्कूटर ३४-३५ वर जाऊन स्थिरावते, कारण तेवढा फरक उरला तरच मूठ तेवढी पिळलेली राहते. गावाकडच्या डिझेल इंजिनचा गव्हर्नर आठवतो का? फिरणारी वजनं, स्प्रिंग आणि डिझेल कमी-जास्त करणारी कांडी. मळणीयंत्रात एकदम जास्त माल टाकला की इंजिनचा आवाज बसतो, लगेच डिझेल वाढतं, इंजिन सावरतं, पण आवाज आधीपेक्षा किंचित खालच्या पट्टीतच राहतो. तो हाच उरलेला फरक. आपल्या आजोबांनी 'पी कंट्रोल' कानाने ऐकलाय.

हा फरक घालवण्यासाठी दुसरा नियम: जितका वेळ वेग कमी राहतोय तितकी मूठ हळूहळू आणखी पिळत जायची, आणि ४० झाला तरी पिळलेली सोडायची नाही. हा 'आय'. तिसरा: काटा फार झपाट्याने वर जाताना दिसला तर ४० यायच्या आधीच हात सैल करायचा. हा 'डी'. तिन्ही मिळून पीआयडी. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्कीने जहाजांच्या सुकाणूसाठी याचा हिशेब मांडला. जहाज चालवणारा खलाशी काय करतो हे पाहूनच त्याला ते सुचलं होतं. म्हणजे स्कूटरचं उदाहरण अगदीच ओढूनताणून नाही.

आणि घाटातच 'आय'चा धोकाही कळतो. समोर कापसाचा ट्रक, ओव्हरटेक करता येत नाही, वेग १५. तुमचा नियम सांगतोय पिळ, अजून पिळ. मूठ तर संपली, पण मनातला हिशेब वाढतच चाललाय. ट्रक बाजूला झाला की स्कूटर सुटते ती ६० वर जाऊनच थांबते, कारण तो साठलेला हिशेब उतरायला वेळ लागतो. याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात. आमच्या नोट्समध्ये यावर दोन ओळी होत्या. मी त्या पाठ केल्या होत्या.

कपाट

मी जिथे शिकलो त्या कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका कॉलेजची नाहीच. कंट्रोल सिस्टीमच्या लॅबमध्ये डीसी सर्वो मोटरचा एक किट होता. लाकडी पेटी, वर छापलेली आकृती, चार नॉब, एक गोल तबकडी. बॅचमध्ये वीस जण. सर नॉब फिरवायचे, तबकडी हलायची, पुढचे चौघं बघायचे, मागचे सोळा फोन. मग किट काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली लॅब असिस्टंटकडे. रीडिंग सीनियरच्या फाइलमधून यायचं. आमच्या सगळ्यांचे ग्राफ एकसारखे होते, आणि गंमत म्हणजे आमच्या सीनियरचेही तेच होते. त्या मोटरने पाच वर्षांत घर्षणसुद्धा बदललं नाही असं म्हणायचं.

तेव्हा मला त्या असिस्टंटचा राग यायचा. आता येत नाही. प्रत्येक किट डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढवलेला असतो. मुलांनी जाळला तर लेखी उत्तर त्याने द्यायचं, ऑडिटला तोंड त्याने द्यायचं. नवीन मोटर आणायची तर कोटेशन, मंजुरी आणि पुढच्या वर्षाचं बजेट. मुलांनी किट वापरला म्हणून त्याचं कौतुक कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही. अशा ठिकाणी कुलूप लावणं हा आळस नाही, अगदी शहाणपणाचा निर्णय आहे. तुम्ही-मी असतो तर तेच केलं असतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पीएम-सेतू योजना सुरू केली: ६०,००० कोटी रुपये, देशभरातल्या १,००० सरकारी आयटीआयचं आधुनिकीकरण. चांगलंच आहे. पण माझी शंका वेगळी आहे. महागडं मशीन येईल, फीत कापली जाईल, फोटो निघेल. नंतर त्याचं नाव त्याच रजिस्टरमध्ये जाईल आणि मशीन त्याच कपाटात. जोपर्यंत 'मुलांच्या हातून मोडणार' असं गृहीत धरून दरवर्षी थोडे पैसे बाजूला ठेवले जात नाहीत, तोपर्यंत किट कितीही भारी आला तरी फरक पडणार नाही. परदेशी कंपन्यांचे मोटर कंट्रोलचे सेट मी पाहिलेत. एकेकाची किंमत लाखांत. अप्रतिम असतात, पण त्यांना हात लावताना माझाच हात थरथरला होता.

मग सॉफ्टवेअरवर शिकूया की!

हा पहिला उपाय सगळ्यांना सुचतो, आणि तो अर्धा बरोबर आहे. मॅटलॅब-सिम्युलिंक महाग आहे, पण सायलॅब फुकट आहे. त्यातल्या एक्सकॉसमध्ये ब्लॉक जोडून मोटरचं मॉडेल उभं करता येतं. आयआयटी मुंबईच्या 'फॉसी' प्रकल्पाने सायलॅबवर बरंच काम केलंय, आणि तिथल्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे काही व्हिडिओ मराठीतही आहेत. केंद्र सरकारच्या व्हर्च्युअल लॅब्ज आहेत, ब्राउझरमध्ये उघडतात.

या सगळ्यात मला सर्वात आवडलेली कल्पना जरा जुनी आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या गटाने 'सिंगल बोर्ड हीटर सिस्टीम' नावाचं छोटं यंत्र बनवलं: धातूची पट्टी, तिला तापवणारी कॉइल, गार करणारा पंखा आणि तापमान मोजणारा सेन्सर. मोटर नाही, पण फीडबॅक तोच. अशी यंत्रं त्यांनी इंटरनेटला जोडली. मुलांनी वेळ बुक करायची, घरी बसून सायलॅबमध्ये कंट्रोलर लिहायचा, आणि पवईतली खरीखुरी पट्टी तापायची. हे सिम्युलेशन नव्हे. पट्टी खरी, तिचा उशीर खरा, सेन्सरची चलबिचलही खरी. बुलढाण्यातून मुंबईची पट्टी तापवता येते तर शेगावच्या लॅबमधली मोटर रात्री दहाला लोणारच्या मुलीला तिच्या फोनवरून का फिरवता येऊ नये? एकच किट, वीस जणांऐवजी दोनशे जण, आणि कुलूपही तसंच राहू द्या.

मात्र नुसत्या सिम्युलेशनबद्दल मी जरा सावध आहे. त्यात मोटर फार सज्जन असते. दिलेल्या समीकरणाप्रमाणे वागते.

हे मी हवेत बोलत नाहीये. काकांच्या पंपानंतर मी नोव्हेंबरमध्ये दोन वीकेंड आपल्याच जिल्ह्यातल्या एका कॉलेजात गेलो, सोबत पाच किट घेऊन. किट म्हणजे काय तर एक ईएसपी३२ बोर्ड, एन्कोडर बसवलेली गिअरची छोटी डीसी मोटर, मोटर ड्रायव्हर आणि १२ व्होल्टचा अडॅप्टर. सगळं मिळून दीड-दोन हजार रुपयांत बसतं. ईएसपी३२ स्वतःचं वायफाय तयार करतो, फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये पान उघडतं. त्यावर पी, आय, डी हे तीन स्लायडर आणि वेगाचा ग्राफ. लॅपटॉपची गरज फक्त एकदा, प्रोग्राम चढवताना.

पहिल्या तासात सगळे खुश. दुसऱ्या तासात भांडणं सुरू झाली, आणि तिथून खरी मजा.

एका ग्रुपची मोटर कमी वेगाला हलेचना. पीडब्ल्यूएमचा आकडा ० ते २५५, त्यांनी ३० दिला, मोटर नुसती गुणगुणतेय. ४० ला पण तेच. ५२ ला एकदम सुटली. सिम्युलेशनमध्ये ३० दिला की ३० च्या हिशेबाने फिरते. खऱ्या मोटरमध्ये आधी गिअरचं आणि ब्रशचं घर्षण तोडावं लागतं. काकांच्या पंपाचा ३४ हर्ट्झ आणि यांचा ५२, कारणं वेगळी, पण 'अमुक आकड्याखाली काहीच होत नाही' हा अनुभव एकच.

दुसऱ्या ग्रुपचा ग्राफ करवतीसारखा. मोटर ऐकायला एकदम शांत फिरतेय, ग्राफ मात्र ५४ आणि ७२ च्या मध्ये उड्या मारतोय. सगळे म्हणाले सेन्सर खराब आहे, बदलून द्या. मी म्हटलं, आधी भागाकार करा. एन्कोडर मोटरच्या एका फेऱ्याला ११ पल्स देतो, गिअर ३० ला १, म्हणजे बाहेरच्या एका फेऱ्याला ३३० पल्स. मोटर मिनिटाला ६० फेरे, म्हणजे सेकंदाला एक फेरा, ३३० पल्स. आपण दर १० मिलिसेकंदांनी मोजतोय, त्यात येतात ३.३ पल्स. पण पल्स अर्धवट मोजता येत नाही! कधी ३ मोजल्या जातात, कधी ४. तीनचा हिशेब केला तर वेग येतो ५४.५, चारचा केला तर ७२.७. मोटर दोषी नाही, सेन्सरही नाही, मोजण्याची खिडकी लहान आहे. त्यांनी ती ५० मिलिसेकंद केली, पल्स आल्या १६ किंवा १७, आणि ग्राफ ५८ ते ६२ मध्ये बसला. एकीने विचारलं, "दादा, मग खिडकी अजून मोठी करू, एक सेकंद?" केली. ग्राफ सरळ रेषेसारखा झाला, आणि मोटरला बोट लावलं की कंट्रोलर उशिरा जागा होऊन इकडेतिकडे हेलकावे खायला लागला. कुठे थांबायचं हे कोणत्याच पुस्तकात आकड्यात लिहिलेलं नसतं, कारण ते त्या मोटरवर अवलंबून असतं.

आणि वाइंडअप. चाक हाताने पाच सेकंद धरून ठेवायचं, मग सोडायचं. चाक इतकं जोरात पळालं की टेबलावरून किटच सरकला. त्यानंतर 'आय'च्या साठ्याला मर्यादा घालणारी एक ओळ कोडमध्ये टाकायची आणि पुन्हा तेच करायचं. मी घाटातल्या ट्रकची गोष्ट त्यानंतर सांगितली, आधी नाही.

एक प्रश्न हमखास येतो, तिथेही आला: पीआयडीचा कोड चॅटजीपीटी देतं की लिहून, मग हे शिकायचं कशाला? देतं, आणि बरोबर देतं. दहा-बारा ओळींचाच कोड आहे. पण त्यात 'पी'ची किंमत किती, मोजण्याची खिडकी किती, मोटर कितीला सुटते, हे त्याला कसं कळणार? ते आकडे तुमच्या टेबलावरच्या मोटरमध्ये आहेत. मीही रोजच्या कामात एआय वापरतो. कोड लिहायचा वेळ वाचला हे खरंय, मोजायचा वेळ तेवढाच लागतो.

फक्त पंपापुरतं नाही

हा भाग थोडक्यात. घरात बीएलडीसी पंखा असेल तर त्यातही हाच लूप आहे. इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये तर एकात एक दोन लूप असतात: आतला करंटचा, सेकंदाला हजारो वेळा चालणारा, आणि त्याच्या बाहेर तुमच्या मुठीचा.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही रेअर अर्थ धातू आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि आपल्याकडच्या स्कूटर कंपन्यांची धावपळ उडाली. नोव्हेंबरमध्ये केंद्राने असे चुंबक देशात बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. बातमी खाणींची आणि कारखान्यांची म्हणून वाचली गेली, पण तिची दुसरी बाजू कंट्रोलची आहे. महाग चुंबक नसलेल्या मोटर असतात, उदाहरणार्थ स्विच्ड रिलक्टन्स मोटर: आत फक्त लोखंड आणि तांबं. अडचण अशी की ती फिरताना झटके देते, आवाज करते, आणि करंट नेमक्या क्षणी चालू-बंद केला नाही तर नीट चालतच नाही. म्हणजे चुंबकाचं काम सॉफ्टवेअरवर येतं. खाण आपल्या जिल्ह्यात निघणार नाही, पण हे सॉफ्टवेअर लिहिणारा मुलगा नांदुऱ्याचा असायला काय हरकत आहे?

आता करायचं काय? विद्यार्थी असाल तर कॉलेजची वाट पाहू नका. तिघं-चौघं मिळून एक किट घ्या, माणशी पाचशे रुपये पडतील. कोड आधी नेटवरून घ्या, लाज नको. पण पहिल्या दिवशी पीआयडीला हात न लावता फक्त दोन गोष्टी वहीत लिहा: मोटर कितीला सुटते, आणि बोट लावल्यावर वेग किती पडतो. शिक्षक वाचत असतील तर एकच विनंती: फाइल तपासताना सगळ्यांचे ग्राफ एकसारखे आले तर मार्क्स कापा. दोन मोटर कधीच सारख्या नसतात.

ते पाचही किट मी तिथेच ठेवून आलो. लॅब असिस्टंटने अगदी हळू आवाजात विचारलं, "याची एंट्री करायची का, सर?" मी म्हटलं, नका करू. माझे पैसे आहेत, जळले तर जळू द्या. डिसेंबरपर्यंत दोन ड्रायव्हर जळले, ते मुलांनी स्वतःच वर्गणी काढून आणले.

त्यातल्या चिखलीकडच्या एका मुलीच्या घरी पण सौर पंप आहे. कंट्रोलर हमीत असल्यामुळे उघडायचा प्रश्नच नाही, पण स्क्रीन तर बाहेरून दिसते. तिने रोज सकाळी पाणी कोणत्या हर्ट्झला सुरू होतं ते लिहायला सुरुवात केली. मग मलाच तिचा मेसेज आला: दाब वेगाच्या वर्गाने बदलतो ना, मग विहिरीचं पाणी खाली गेलं की हा आकडा वाढला पाहिजे की नाही? वाढलाच पाहिजे. हिशेब करून पाहिला, ३४ चा ३८ झाला तर पाणी जवळपास सव्वापट उंचीवर चढवावं लागतंय असा अर्थ निघतो. पंपाच्या स्क्रीनवर फुकटात विहिरीची पातळी दिसतेय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता काकाही रोज सकाळी मला आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवतात. काल ३५ होता. मे महिन्यापर्यंत दोन्ही विहिरींचे आकडे गोळा करतोय.